एक सर्व्हर बंद पडला तर? : डेटाबेस क्लस्टरचा पहिला धडा



मागच्या सत्रात अकरावीच्या दोघा-तिघांनी मला विचारले, "सर, एमआय रूमच्या सगळ्या नोंदी संगणकावर असताना रोज संध्याकाळी त्या कागदावर का छापतात? आणि लायब्ररीच्या कोपऱ्यात दिवे लुकलुकणारी ती छोटी पेटी कसली?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते माझ्या एका चुकीपासून सुरू होते. ती चूक या पानावर लिहायला मला संकोच वाटत नाही. दुसऱ्याच्या चुकीवरून शिकणे स्वस्त पडते.

काही वर्षांपूर्वी मी इथल्या संगणक कक्षाचे काम घेतले, तेव्हा आउटपास, मेस, हजेरी आणि एमआय रूम यांच्या नोंदी एकाच सर्व्हरवर आणल्या. एप्रिलमध्ये माझ्याच शिफारशीवरून एमआय रूमचे जुने रजिस्टर बंद झाले. रोज रात्री २ वाजता बॅकअप निघत होता आणि सकाळी पडद्यावर "बॅकअप पूर्ण" अशी ओळ दिसत होती. मी ती वाचून चहा प्यायला जायचो.

ऑगस्टमध्ये एका रात्री टेकडीवर वीज कडाडली आणि सर्व्हरची डिस्क गेली. त्याच रात्री आठवीतला एक मुलगा तापाने फणफणलेला एमआय रूममध्ये आला. डॉक्टरांनी विचारले, "कोणत्या औषधाची ॲलर्जी?" मुलाला एवढेच आठवत होते, की एका गोळीने अंगावर सूज येते. गोळीचे नाव संगणकात होते. घरचा फोन नंबरही संगणकातच होता. हाऊस मास्तरांनी कार्यालयाच्या कपाटाची किल्ली मिळवली, प्रवेशाचा जुना अर्ज शोधला आणि आईला फोन लावला. यात ५० मिनिटे गेली. ॲलर्जी पेनिसिलिनची होती. डॉक्टरांनी उत्तर मिळेपर्यंत प्रतिजैविक दिले नव्हते, म्हणून निभावले. मुलगा तिसऱ्या दिवशी मैदानावर होता.

सकाळी मी बॅकअप उघडायला गेलो. शेवटच्या १९ रात्रींच्या सर्व फायली शून्य आकाराच्या होत्या. बॅकअपची डिस्क भरली होती, प्रत्यक्ष लिहिले काहीच जात नव्हते, आणि माझी स्क्रिप्ट काहीही झाले तरी शेवटी "बॅकअप पूर्ण" छापत होती. प्राचार्य कर्नल साहेबांनी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "मास्तर, बॅकअप रोज घेत होतात. एकदा तरी उघडून पाहिला होता का?"

या प्रश्नानंतर जी व्यवस्था उभी केली, तीच आजचा धडा आहे.

दोन दुखणी, दोन औषधे

पहिल्यांदा दोन कल्पना वेगळ्या करा. एक यंत्र बंद पडले तरी काम थांबू नये, ही झाली उच्च उपलब्धता, म्हणजे हाय अव्हेलेबिलिटी. सगळी जागाच गेली, आग लागली, पाणी शिरले, किंवा कुणी चुकून सगळा तक्ता पुसला, तरी नोंदी परत उभ्या करता याव्यात, ही झाली आपत्तीनंतरची पुनर्स्थापना, म्हणजे डिझास्टर रिकव्हरी.

नवशिका इथे हमखास फसतो. त्याला वाटते, शेजारी दुसरा सर्व्हर ठेवला आणि तो पहिल्याची हुबेहूब प्रत ठेवतो, म्हणजे बॅकअपची गरज संपली. तसे नाही. मुख्य सर्व्हरवर कुणी चुकीची आज्ञा देऊन सगळ्या आउटपासच्या नोंदी पुसल्या, तर प्रामाणिक राखीव सर्व्हर ती आज्ञाही क्षणात पाळतो. प्रत चुकीचीही होते. उलट नुसता बॅकअप असेल तर नोंदी वाचतात, पण त्या परत लावेपर्यंत काम बंद. म्हणून दोन्ही हवेत.

आधी दोन आकडे ठरवा

यंत्रे विकत घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावी लागतात. पहिला: आपत्ती आली तर शेवटच्या किती वेळातल्या नोंदी गमावलेल्या चालतील? याला आरपीओ म्हणतात. दुसरा: काम पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागलेला चालेल? याला आरटीओ म्हणतात. (हे गाडीचा परवाना देणारे आरटीओ नव्हे, पण रांग इथेही लागते.)

हे आकडे संगणकाच्या मास्तराने ठरवायचे नसतात, काम करणाऱ्याने ठरवायचे असतात. मी प्रत्येक विभागात जाऊन विचारले. मेसचे म्हणणे, एका दिवसाची नोंद गेली तरी चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरू. आउटपाससाठी गार्ड रूमला १५ मिनिटे चालत होती. एमआय रूमचे उत्तर होते, एकही नोंद जायला नको आणि एक मिनिटाच्या वर थांबायला नको. सगळ्यांना सारखा खर्च करायचा नसतो, हे इथे कळले.

आकड्यांची सवय होण्यासाठी एक हिशेब. वर्षाचे ८,७६० तास. ९९ टक्के उपलब्धता ऐकायला छान वाटते, पण त्यात वर्षाला ८७.६ तास बंद बसते. ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५३ मिनिटे. ९९ टक्क्यांचे दोन सर्व्हर शेजारी ठेवले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.०१ गुणिले ०.०१, म्हणजे उपलब्धता ९९.९९ टक्के. पण हे गणित दोन्ही यंत्रे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरे. एकाच यूपीएसवर, एकाच खोलीत, एकाच नेटवर्क स्विचला जोडलेली दोन यंत्रे स्वतंत्र नसतात. वीज दोघांवर एकदमच पडते.

रोजकीर्द आणि खतावणी

आता प्रत कशी होते ते पाहू. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल आहे. त्याची रीत जुन्या पेढीवरच्या हिशेबनिसासारखी आहे. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत ओळ लिहायची, मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायची. डेटाबेसही बदल आधी एका सलग नोंदवहीत लिहितो. तिला वॉल म्हणतात, म्हणजे राइट अहेड लॉग. ही ओळ डिस्कवर पक्की झाली की "नोंद झाली" असे उत्तर देतो. मधेच वीज गेली तर उठल्यावर रोजकीर्द वाचून खतावणी पूर्ण करतो. ही रोजकीर्द १६ मेगाबाइटच्या तुकड्यांत साठते.

मुख्य सर्व्हर हीच रोजकीर्द राखीव सर्व्हरकडे ओळीओळीने पाठवत राहतो आणि राखीव सर्व्हर त्यावरून स्वतःची खतावणी भरतो. प्रत करण्याची ही सोय पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये २०१० साली ९.० या आवृत्तीत आली.

आता महत्त्वाचा प्रश्न. मुख्य सर्व्हरने "नोंद झाली" कधी म्हणावे? स्वतःच्या वहीत लिहिल्यावर लगेच, की राखीव सर्व्हरने "मलाही मिळाली" असे कळवल्यावर? पहिल्या रीतीला असिंक्रोनस म्हणतात. ती वेगवान, पण मुख्य सर्व्हर त्या क्षणी मेला तर पाठवायच्या राहिलेल्या ओळी गेल्या. दुसरी सिंक्रोनस. तिच्यात नोंद दोन ठिकाणी पक्की होते, पण दर वेळी उत्तराची वाट पाहावी लागते. आणि राखीव सर्व्हरच बंद असेल, तर मुख्य सर्व्हर उत्तराची वाट पाहत बसून राहील. म्हणजे सुरक्षिततेसाठी ठेवलेला दुसरा सर्व्हर पहिल्यालाही थांबवतो!

अंतराचाही हिशेब करा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १,५०० किलोमीटर लांबीच्या फायबरवर जाऊन-येऊन किमान १५ मिलिसेकंद लागतात. एकामागून एक २०० नोंदी केल्या, तर ३ सेकंद नुसत्या वाट पाहण्यात गेले. म्हणून सर्वसाधारण रीत अशी: एकाच आवारातल्या दोन सर्व्हरांत सिंक्रोनस, दूरच्या जागेशी असिंक्रोनस. आम्हीही तेच केले.

हुकूम देणारा एकच असावा

दोन सर्व्हर झाले. मुख्य सर्व्हर लॅबमध्ये, राखीव प्रशासकीय इमारतीत. आता राखीव सर्व्हरला मुख्याचा आवाज येईनासा झाला, तर त्याने काय समजावे? मुख्य मेला, की मधली तार तुटली? आतून पाहणाऱ्याला या दोन गोष्टी अगदी सारख्या दिसतात. तार तुटली असताना राखीव सर्व्हर "आता मीच मुख्य" म्हणाला, तर दोन मुख्य झाले. गार्ड रूम एकाकडे नोंद करते, एमआय रूम दुसऱ्याकडे, आणि दोन्ही वह्या वेगळ्या वाटेने जातात. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. एका तुकडीला दोन अधिकारी उलटसुलट हुकूम देऊ लागले तर काय होईल, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

यावर उपाय बहुमताचा. तीन मतदार ठेवायचे. ज्याच्या बाजूला निदान दोन, तोच पुढे जाईल. तार कुठेही तुटली तरी दोन्ही बाजूंना एकाच वेळी बहुमत मिळू शकत नाही. लायब्ररीतली ती लुकलुकणारी पेटी म्हणजे आमचा तिसरा मतदार. तिच्यात एकही नोंद नाही, ती फक्त मत देते.

मतदार विषम का? तीन मतदारांत बहुमत दोनचे, म्हणजे एक गेला तरी चालते. चार केले तर बहुमत तीनचे, म्हणजे तरीही एकच गेलेला चालतो. यंत्र वाढले, बळ नाही. पाच केले तर दोन गेलेले चालतात.

हे मतदान आमच्याकडे एट्सीडी नावाची प्रणाली सांभाळते. तिच्या आत राफ्ट ही पद्धत आहे, जी डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ साली मांडली. पोस्टग्रेस्क्यूएलवर देखरेख पॅट्रोनी करते. रीत सोपी आहे. मुख्य सर्व्हरकडे एट्सीडीने दिलेली एक सनद असते. तिची मुदत ३० सेकंद. मुख्य सर्व्हर दर १० सेकंदांनी ती वाढवून घेतो. वाढवता आली नाही, तर तो स्वतःहून मुख्यपद सोडतो. मुदत संपली की राखीव सर्व्हर सनद मागतो, आणि बहुमताने मिळाली तरच मुख्य होतो.

पण मुख्य सर्व्हर गोठलाच असेल आणि पद सोडण्याचेही भान त्याला नसेल तर? पहारा बदलताना जुना संत्री जागा सोडून गेला याची खात्री करावीच लागते. त्यासाठी यंत्रात वॉचडॉग नावाचा घड्याळी पहारेकरी असतो. पॅट्रोनीने त्याला ठरलेल्या वेळात हाक दिली नाही, की तो यंत्र सरळ बंद करून पुन्हा सुरू करतो. जुन्या मुख्याला असे सक्तीने बाजूला करण्याला फेन्सिंग म्हणतात. ते नसेल तर क्लस्टर अर्धवट आहे असे समजा.

सिंक्रोनस रीतीतला वाट पाहण्याचा पेचही इथेच सुटतो. पॅट्रोनीला साधी सिंक्रोनस रीत सांगितली, तर राखीव सर्व्हर बंद पडल्यावर ती मुख्याला एकट्याने काम चालू ठेवू देते. मात्र तेवढ्या काळात मागे पडलेल्या राखीवाला आपोआप मुख्य होऊ देत नाही. कडक रीत सांगितली, तर दुसरी प्रत मिळेपर्यंत नोंद थांबते. आम्ही साधी रीत घेतली. बँकेने कदाचित कडक घ्यावी. मध्यरात्री एमआय रूमचे काम अडण्यापेक्षा एकाच यंत्रावर नोंद होणे आम्हाला परवडते.

४३ सेकंद आणि २४ तास

बहुमत असले म्हणजे सगळे सुटले असे नव्हे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या प्रसिद्ध संकेतस्थळाच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावर बिघडत चाललेले एक ऑप्टिकल उपकरण बदलताना नेटवर्क ४३ सेकंद तुटले. तेवढ्यात बहुमताने नियमाप्रमाणे मुख्यपद पश्चिम किनाऱ्यावर नेले. पण पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांत झालेल्या नोंदी पश्चिमेला पोहोचल्या नव्हत्या, आणि पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. त्यांच्या एका गजबजलेल्या क्लस्टरमध्ये अशा अडकलेल्या ९५४ नोंदी होत्या. दोन वह्या जुळवून सगळे पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. त्यांनी वेगापेक्षा नोंदींच्या खरेपणाला महत्त्व दिले, म्हणून एवढा वेळ घेतला.

आम्ही यातून एक नियम उचलला. एका आवारातला बदल यंत्राने आपोआप करावा. दूरच्या जागेकडे जाण्याचा निर्णय मात्र माणसाने, अधिकाराने आणि लेखी करावा.

पण तो माणूस आधी ठरलेला असला पाहिजे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. बाजार त्या दिवशी ५ वाजेपर्यंत चालवावा लागला. त्यांची दुसरी जागा होती, पण काम तिकडे हलवले गेले नाही. त्यानंतर सेबीने अशा संस्थांना आपत्ती जाहीर करण्याचीही वेळमर्यादा घालून दिली. निर्णयाला लागणारा वेळही आरटीओतच मोजायचा असतो. आमच्याकडे नियम असा: आवारातले दोन्ही सर्व्हर ३० मिनिटांत उठले नाहीत, तर ॲडज्युटंट साहेब दूरच्या जागेचा हुकूम देतील, ते नसतील तर कोण, तेही त्याच कागदावर लिहिलेले आहे.

दूरची प्रत

आमची दूरची प्रत सुमारे ३५० किलोमीटरवरच्या दुसऱ्या शहरात भाड्याच्या जागेत आहे. तिथे दोन गोष्टी जातात. आठवड्यातून एकदा संपूर्ण बॅकअप, आणि दर ५ मिनिटांनी रोजकीर्दीचा नवा तुकडा. तुकडा पूर्ण भरला नसला तरी ५ मिनिटांनी पाठवायचा, असे सांगितलेले आहे. म्हणून आवार पूर्ण गेले, तरी सर्वसाधारणपणे ५ मिनिटांहून जास्त नोंदी जाऊ नयेत.

या रोजकीर्दीचा आणखी एक मोठा उपयोग आहे. कुणी सकाळी १० वाजून १२ मिनिटांनी चुकून तक्ता पुसला, तर आठवड्याचा बॅकअप लावायचा आणि रोजकीर्द १० वाजून ११ मिनिटांपर्यंतच वाचायला सांगायची. घड्याळ मागे नेल्यासारखे होते. राखीव सर्व्हर जे करू शकत नाही ते इथे होते.

इथे २०१७ सालची एक घटना सांगतो. ३१ जानेवारीला गिटलॅब या संकेतस्थळाच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, प्रत बिघडली म्हणून, राखीव सर्व्हरवरची फोल्डर पुसायला घेतली. पण तो मुख्य सर्व्हरवर बसला होता. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी ४.५ उरले होते. बॅकअप शोधू लागले, तर रोजचा बॅकअप जुन्या-नव्या आवृत्तीच्या फरकामुळे कित्येक दिवस निघतच नव्हता, आणि तसे कळवणाऱ्या ईमेल मधेच नाकारल्या जात होत्या. सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून बचावले. सुमारे ६ तासांच्या नोंदी गेल्या.

ही हकिकत वाचली, तेव्हा माझी १९ रात्रींची शून्य आकाराची फाइल आठवली. मोठ्यांचेही असेच होते म्हणून समाधान वाटले असे नाही, उलट भीती वाटली. गप्प बसलेला बॅकअप आणि नीट चाललेला बॅकअप बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून आता आमची स्क्रिप्ट काम झाले की दुसऱ्या यंत्राकडे हजेरी लावते. हजेरी आली नाही, तर ते दुसरे यंत्र ओरडते. रोलकॉलला गैरहजर माणूस स्वतः येऊन "मी गैरहजर आहे" असे सांगत नाही; ते हजेरी घेणाऱ्याने ओळखायचे असते.

सराव आणि त्यात उघडे पडलेले दोष

पहिला सराव एका रविवारी सकाळी केला. दहावीच्या एका कॅडेटच्या हातात स्टॉपवॉच दिले आणि मी लॅबमधल्या मुख्य सर्व्हरची वीज काढली. ३८ सेकंदांत राखीव सर्व्हर मुख्य झाला. आम्ही टाळ्या वाजवणार, तोच एमआय रूममधून फोन आला, "सर, आमचा पडदा तसाच अडकलाय." तो पुढे जवळजवळ १५ मिनिटे अडकून राहिला. तिथला प्रोग्रॅम मेलेल्या सर्व्हरची जुनी जोडणी धरून उत्तराची वाट पाहत होता. आता प्रोग्रॅमला दोन्ही सर्व्हरांचे पत्ते दिले आहेत, "ज्याच्यावर लिहिता येते त्याच्याशीच जोड" असे सांगितले आहे, आणि काही सेकंदांत उत्तर नाही आले तर जोडणी सोडायला लावले आहे. डेटाबेस उठणे आणि वापरणाऱ्याचे काम सुरू होणे यांत फरक आहे. वेळ मोजायची ती दुसरी.

याच सरावात आणखी एक गोष्ट दिसली. नोंद पाठवली आणि उत्तर येण्याआधी सर्व्हर गेला, तर नोंद झाली की नाही हे प्रोग्रॅमला कळत नाही. त्याने आंधळेपणाने पुन्हा पाठवली, तर एकाच कॅडेटचे दोन आउटपास निघतील. म्हणून प्रत्येक नोंदीला पाठवणाऱ्याकडूनच एक वेगळा क्रमांक दिला. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर डेटाबेस "ही आधीच आहे" म्हणतो.

दुसऱ्या सरावात वीज न काढता नेटवर्कची तार काढली. यंत्र जिवंत, पण एकटे. त्याने शिस्तीत मुख्यपद सोडले. मात्र तारा तपासताना कळले, की तिन्ही मतदारांच्या तारा शेवटी एकाच स्विचमध्ये जात होत्या. तीन इमारतींत तीन यंत्रे ठेवून मी खूश होतो, आणि तो एक स्विच गेला असता तर तिघांचेही मत गेले असते. आता वाटा वेगळ्या आहेत.

तिसरा सराव परत उभारणीचा. कोरा लॅपटॉप, दूरची प्रत, आणि ही व्यवस्था ज्याने उभारलेली नाही असा माणूस. आमच्या लॅब सहायकांना लिहिलेले पान दिले आणि मी बाहेर बसलो. अर्ध्या तासाने ते बाहेर आले, "सर, पासवर्ड कुठे आहे?" बॅकअप कुलूपबंद होता, आणि त्याचा पासवर्ड जळाला असे गृहीत धरलेल्या सर्व्हरवरच ठेवला होता. किल्ली तिजोरीच्या आत ठेवून तिजोरी लावण्याचाच प्रकार. तो पासवर्ड आता मोहोरबंद पाकिटात ॲडज्युटंट साहेबांच्या कपाटात आहे. दुसऱ्या प्रयत्नात २ तास ५० मिनिटांत सगळे उभे राहिले. शेवटच्या नोंदीची वेळ आणि एकूण नोंदींची संख्या जुळवून पाहिली, मगच "पूर्ण" असे लिहिले.

एक दोष सुट्टीत सापडला. राखीव सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद होता. तो परत आल्यावर लागेल म्हणून मुख्य सर्व्हर रोजकीर्दीचे सगळे तुकडे जपून ठेवत राहिला आणि डिस्क भरत आली. राखीवाची वाट पाहता पाहता मुख्यच बुडाला असता. आता किती तुकडे जपायचे याला मर्यादा घातली आहे. त्याहून जास्त मागे पडलेला राखीव सर्व्हर नव्या प्रतीपासून उभा करायचा.

कागद का ठेवला

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. एवढे सगळे करूनही रोज संध्याकाळी ६ वाजता एमआय रूममध्ये प्रत्येक कॅडेटची ॲलर्जी, रक्तगट आणि घरचा फोन नंबर यांची यादी छापली जाते आणि डॉक्टरांच्या कुलपात ठेवली जाते. जुनी यादी फाडून टाकतात. क्लस्टर ४० सेकंदांत उठेल असा माझा अंदाज आहे. पण अंदाज चुकला, तर त्याची किंमत आठवीतल्या मुलाने द्यायची नाही. पालकांनीही एक करावे: सत्राच्या सुरुवातीला येणारा आरोग्याचा अर्ज पूर्ण भरावा. जी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, ती कोणताही सर्व्हर परत आणू शकत नाही.

त्या मुलाच्या आईला मी नंतर फोन करून काय झाले ते सगळे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "आता नीट करा म्हणजे झाले." दर सत्रात परत उभारणीचा सराव असतो, त्या दिवशी हे वाक्य मला आठवते.

स्वतः करून पाहा

१. सात मतदारांच्या क्लस्टरमध्ये बहुमत कितीचे? किती मतदार गेलेले चालतील? आठवा मतदार आणल्यास काय फायदा होईल?

२. दोन इमारतींत मिळून तीन मतदार ठेवले आहेत, एकीत दोन आणि दुसरीत एक. कोणती इमारत गेली तर काम थांबेल? यावर उपाय काय?

३. ८०० किलोमीटर लांबीच्या फायबरवर एका सिंक्रोनस नोंदीला किमान किती मिलिसेकंद वाट पाहावी लागेल?

४. लॅबमधल्या तीन जुन्या संगणकांवर पोस्टग्रेस्क्यूएल, एट्सीडी आणि पॅट्रोनी बसवून क्लस्टर उभारा. मुख्य सर्व्हरची तार काढा आणि वेळ मोजा. वेळ डेटाबेसची नको, वापरणाऱ्याच्या पडद्याची मोजा.

५. तुमच्या प्रकल्पाची फाइल किती ठिकाणी आहे? त्यातली सर्वांत जुनी प्रत आज उघडून पाहा.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून आणा. चौथ्यासाठी शनिवारी दुपारी लॅब उघडी असते.